मानाची खुर्ची

नाना,

तुम्ही गेलात त्या दिवशीही नळ आले. गल्लीच्या ग्रुपवर 'ॐ शांति', 'विनम्र श्रद्धांजलि' आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यांच्या मधोमध शर्माजींचा नेहमीचा निरोप येऊन पडला, 'नल आ गए हैं'. त्याच्याखाली पुन्हा 'ॐ शांति'. मी तो वाचला, उठले, मोटर लावली, टाकी भरून घेतली आणि मग रस्ता ओलांडून तुमच्याकडे आले. घरात माणसं येणार होती, पाणी लागणारच होतं. तुम्हीही आधी हेच केलं असतं.

आता तेरावंही झालं. गुरुजी, मंडप, पुण्याच्या मंडळींची गाडी, भांडी परत करणं, सगळं मी लिहून वाटून घेतलं होतं आणि सगळं पार पडलं. शेवटच्या कामावर खूण केली आणि पेन हातात धरून बसून राहिले. पुढे लिहायला काही नव्हतं. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

शोकसभेत सगळे चांगलं बोलले. शर्माजींना तर हुंदका आवरेना. ते म्हणाले, "एक बात का संतोष है, हमने नानाजी को कभी तकलीफ नहीं होने दी." सगळ्यांनी माना हलवल्या. तुमच्या फोटोशेजारी काकू पदर ओठांशी धरून जमिनीकडे बघत होत्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले, नमस्कार केला आणि बसले. लोकांना वाटलं, हिला रडू फुटतंय. तसं नव्हतं. शर्माजी म्हणाले ते अक्षरशः खरं होतं आणि मला त्याच्यापुढे काही बोलता येत नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी तुमच्या सूनबाईंनी मला विचारलं, "बाबा गल्लीत नक्की काय करायचे हो? प्रत्येकजण 'नळवाले नानाजी' म्हणतोय. ते तर रेल्वेत होते ना?" पुण्यात चोवीस तास पाणी असलेल्या सोसायटीत राहते ती. तिला समजावणं सोपं गेलं नाही. मी म्हटलं, इथे पाणी एक दिवसाआड येतं, कधी उजाडायच्या आत, कधी चांगलं उजाडल्यावर. धरण आटत आलं की त्याहूनही कमी. जो झोपून राहिला त्याची टाकी कोरडी. तर तुझे सासरे पहाटे अंगणातला नळ उघडा ठेवून चहा घेत बसायचे. पाण्याच्या आधी नळातून हवा येते, ती सूं-सूं वाजली की कप खाली ठेवून निघायचे आणि दोन्ही गल्ल्यांतल्या प्रत्येक घराला सांगत जायचे, नळ आले.

"बस एवढंच?" ती म्हणाली.

एवढंच. आता ते एवढंच कसं होतं ते तिला कुठून सांगू. गुप्तांकडे तान्हं मूल होतं म्हणून तिथे तुम्ही घंटी न वाजवता खिडकीच्या गजावर अंगठीने टकटक करायचात. राठौर भाभींकडे नुसतं सांगून भागायचं नाही, त्या "हाँ हाँ" म्हणून परत झोपायच्या, म्हणून तिथे त्यांचा दिवा लागेपर्यंत उभं राहायचं. दुबेजींशी तुमचं निवडणुकीपासूनचं भांडण, तरी त्यांच्या फाटकाशी जाऊन हवेत बघत म्हणायचात, "जिसको पानी चाहिए भर ले." आणि आतून दुबेजी म्हणायचे, "जिसने बताया उसका भला हो." वर्षभर तुम्ही दोघं असंच बोललात.

सगळ्यांत शेवटी माझा जिना. तुम्ही खालून हाक मारली असतीत तर मला ऐकू आलं असतं, पण तुम्ही वर यायचात. "तुझी टाकी वाहते, मोटर वेळेवर बंद करत नाहीस," असं कारण सांगायचात. बँकेत सगळ्यांची कामं वेळेत करून घेणारी मी, माझी मोटर मी बंद करत नाही असं होईल का? पण तुम्ही गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून यायचात, कठड्याला टेकून गल्लीची एखादी बातमी सांगायचात, आणि मी डबा भरता भरता "हं, हं" करत ऐकायचे. आई गेल्यापासून घरात माझ्याशी दिवसाचं पहिलं वाक्य बोलणारे तुम्ही होता. बरेचदा शेवटचंही.

एका वर्षी मला डेंग्यू झाला. रात्रीपर्यंत मी ठीक होते. सकाळी तुम्ही जिना चढून आलात, कडी वाजवली, मी दार उघडलं आणि तिथेच बसले. तुम्ही कपाळाला हात लावला, "बस, हलू नकोस," म्हणालात आणि खाली उतरून गेलात. पाठोपाठ काकू पेज घेऊन, राठौर भाभी ओल्या पट्ट्या घेऊन आणि शर्माजी गाडी काढून. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मला त्याचं श्रेय घेता येत नाही. मला तर संध्याकाळपर्यंत कोणी शोधलंही नसतं. बँकेत वाटलं असतं, रजेवर आहे.

तुमची साखर जुनी, रक्तदाबही होता, पण पाय खणखणीत. तुम्हाला तपासायला घेऊन गेले होते तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम काय करता बाबूजी?" तुम्ही म्हणालात, "नल बोलने जाता हूँ." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "बोलते रहिए." कागदावर गोळ्या लिहून दिल्या, त्याही तुम्ही घेतल्यात. पण मला वाटतं, त्यांच्या तोंडचं औषध जास्त लागू पडलं.

मग तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली.

गणपतीत सत्कार करायचं ठरलं, ते शर्माजींच्या मनातून आलं होतं. आपण मराठी घरं मोजकी, बाकी सगळे इकडचे, पण 'अमृत महोत्सव' हा शब्द त्यांना इतका आवडला की त्यांनी फलकावर दोनदा लिहिला. शाल आणायला मीच टावर चौकात गेले होते, राखाडी, बारीक काठाची. श्रीफळ, हार, मानपत्र. काकूंना पण स्टेजवर बसवलं. दुबेजींनी सगळ्यांसमोर येऊन तुमच्या पायांना हात लावला, तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला आहे. तो आनंद खोटा नव्हता. तो दिवस चांगलाच होता नाना, तो मला कोणाला खराब करू द्यायचा नाही.

शर्माजींनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आज से नानाजी कोई काम नहीं करेंगे. जितना किया, बहुत किया. अब हमारी बारी." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला ते भाषणातलं वाक्य वाटलं, सगळ्या सत्कारांत असतं तसं.

ते भाषणातलं वाक्य नव्हतं. त्या लोकांनी ते मनापासून पाळलं.

पुढच्या खेपेला नळ आले, तुम्ही निघालात. गुप्तांच्या खिडकीवर टकटक केलीत तर त्यांची सूनबाई बाहेर आली, हातातला मोबाइल दाखवून म्हणाली, "नानाजी, ग्रुप पर शर्माजी का मैसेज आ गया. आप क्यों तकलीफ करते हो." राठौर भाभींचा दिवा आधीच लागलेला होता. दुबेजींनी फाटकाशी येऊन तुम्हाला नमस्कार केला, अगदी नीट, मोठ्या माणसाला करतात तसा. भांडण संपलं होतं आणि बोलणंही. माझ्याकडे आलात तेव्हा जिन्यात थांबून विचारलंत, "तुझ्याकडे पण आला का मेसेज?" मी म्हटलं, आला. तुम्ही म्हणालात, "मग ठीक." आणि गच्चीवर न जाता उतरलात.

तरी तुम्ही काही दिवस जात राहिलात. घंटी वाजवायची, समोरच्याने हसून "हाँ नानाजी, पता है" म्हणायचं. कोणी तुमच्याशी उर्मट बोललं नाही. उर्मट बोललं असतं तर तुम्ही भांडला असतात, भांडणात तुम्ही कोणाला हार गेला नाहीत. पण जो माणूस तुमच्या पाया पडतो त्याच्याशी कसं भांडायचं?

मग शर्माजींनी फाटकाजवळ कडुनिंबाखाली खुर्ची ठेवली. लाल प्लॅस्टिकची, हातांची. तिच्यावर दुसरं कोणी बसायचं नाही असा नियमच झाला. जाता-येता लोक वाकून "पाँव लागूँ नानाजी" म्हणायचे आणि पुढे जायचे. गाडीवरचे गाडीवरूनच वाकायचे. मी एकदा संध्याकाळी बँकेतून येत होते, तुमच्याजवळ थांबले. तुम्ही म्हणालात, "वसू, दिवसभर लोक माझ्या पायांना हात लावतात. पण एकही माणूस मला चालू देत नाही."

मी हसले होते. तुमची विनोदाची पद्धत म्हणून.

पुढचं सगळं इतक्या हळू झालं की कुठल्या दिवशी झालं ते मलाही सांगता येत नाही, आणि मी तारखा विसरणारी बाई नाही. भाजी राठौर भाभींचा मुलगा आणून द्यायला लागला. औषधं दुकानदार घरी पाठवू लागला. न्हावी घरी. रविवारचे पोहे-जिलबी तुम्ही टावरवरून चालत जाऊन आणायचात, कोणाला सेव जास्त, कोणाला कांदा नको, हे सगळं तोंडपाठ असायचं. तेही शर्माजी स्कूटरवर जाऊन आणू लागले. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. महाकालला येणाऱ्या बाहेरगावच्या गाड्या इतक्या वाढल्या की टावरपाशी रस्ता ओलांडताना मलाच छातीत धडधडतं. एका ई-रिक्षाने तुम्हाला घासलं, खरचटलं, त्यानंतर कोणाला काही बोलायला जागाच उरली नाही. "नानाजी को कुछ हो गया तो?" हे ते खरोखर घाबरून म्हणायचे.

तुमचे पायजमे पायांवर सैल होत गेले. हे आधी काकूंच्या लक्षात आलं. मग साखर वाढली. मग घोट्यांना सूज. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायला लागला. आणि मी, मी जे करते ते केलं. गोळ्यांचा डबा आणला, वारांची नावं चिकटवली. काठी आणली. बाथरूममध्ये दांडा बसवून घेतला. तुमच्यासाठी सकाळच्या फिरण्याची वेळ ठरवली आणि तुम्हाला बागेत नेलं. तुम्ही एक चक्कर मारलीत, बाकावर बसलात आणि म्हणालात, "झालं?"

"नाना, अजून तीन मारायच्यात."

"कशाला? मी काय घाण्याचा बैल आहे गोल गोल फिरायला?"

"पायांना फरक पडत नाही. बाग काय नि गल्ली काय, चालणं ते चालणंच."

"पायांना पडत नसेल. पायांना कोण विचारतंय."

"साखरेला पण पडत नाही."

"वसुधाबाई," तुम्ही म्हणालात. रागावलात की मी बाई व्हायचे. "या बागेत मी आलो काय नि नाही आलो काय, कोणाची बादली रिकामी राहणार आहे?"

हे भांडण आपलं मिटलंच नाही. मी अजूनही म्हणते, तुम्ही बागेत जायला हवं होतं. रडत-कुढत का होईना, पायांत रक्त फिरलं असतं. तुम्ही हट्टी होता. आता उत्तर द्यायला नाही आहात म्हणून मी ते मागे घेणार नाही. पण त्या दिवशी घरी येताना एक गोष्ट झाली. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी पत्ता विचारला, नव्या भाडेकरूंचा. तुम्ही त्याला "चलो, दिखाता हूँ" म्हणून दुसऱ्या गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेलात, काठी काखेत मारून. बागेच्या तीन चकरांहून ते जास्त झालं असेल. परत आलात तेव्हा तुम्हाला धाप लागली होती आणि चेहरा सत्काराच्या दिवशी होता तसा होता. मी ते बघितलं, पण बोलले नाही. भांडणात तुमच्या बाजूचा पुरावा मी का देऊ.

मग मी तुम्हाला सांगितलं, गल्लीच्या बैठकीत उभं राहून स्पष्ट बोला. 'मला माझी फेरी परत द्या' म्हणा. शर्माजी वाईट माणूस नाही, लगेच देतील. तुम्ही मान हलवलीत.

"शाल घेतली ना मी."

"म्हणून काय झालं?"

"सत्कार परत करायची पद्धत नाही आपल्यात. त्यांनी प्रेमाने बसवलंय. आता उठून म्हणू, तुमचं प्रेम नको, घंटी द्या?"

"हो, असंच म्हणायचं."

"तू म्हण तुझ्या पंचाहत्तरीला."

तुमचे पूर्वज इथल्या संस्थानच्या दरबारात होते म्हणून तुम्ही आम्हाला चिडवायचात, आम्ही बदलीची माणसं, तुम्ही मूळचे. तो दरबार तुमच्यातून गेला नव्हता नाना. मान दिला की मुजरा करायचा आणि जागेवर उभं राहायचं. मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

मी तुमच्यासाठी कामं काढायला लागले. गॅसवाला येणार आहे, किल्ली ठेवून जाते, बघाल का? कुरिअर येईल, घ्याल का? पहिल्यांदा तुम्ही जिना चढून आलात, मोठ्या उत्साहाने. सिलेंडर भरलेलाच होता. दुसऱ्यांदा कुरिअर आलंच नाही, कारण मी काही मागवलंच नव्हतं. तुम्ही किल्ली माझ्या हातात परत ठेवलीत आणि हळू आवाजात म्हणालात, "मला खेळवू नकोस ग. खरं काही असेल तर सांग."

तेव्हा मी खूप विचार केला, खरं काय आहे? माझं सगळं जागच्या जागी असतं. बिलं वेळेवर, औषधं वेळेवर, बॅटरीचं पाणीसुद्धा वेळेवर. खरं असं मला काही सापडलं नाही.

मग तुम्ही पलंगावरून उठताना पडलात. खुब्याचं हाड. शस्त्रक्रिया नीट झाली. व्यायाम शिकवायला मुलगी यायची, गोड होती, म्हणायची, "दादाजी, पाय उचला, दहापर्यंत मोजा." तुम्ही तिला विचारलंत, "उचलून कुठे जायचंय, ते सांग, मग उचलतो." तिला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पुढे छातीत कफ झाला आणि पडून असलेल्या माणसाला तो सुटला नाही. डॉक्टरांच्या कागदावर जे कारण लिहिलं आहे ते बरोबरच आहे. वय होतं, साखर होती, हाड ठिसूळ होतं. शर्माजींच्या शालीने तुम्ही गेलात असं मी म्हणणार नाही. कोणीही तुमचं वाईट केलं नाही. सगळी गल्ली तुमच्या पायाशी उभी होती, आणि तुम्ही तिच्यात एकटे पडत गेलात, हे मला समोरच्या गॅलरीतून रोज दिसत होतं.

शेवटच्या दिवसांत मी संध्याकाळी येऊन बसायचे. एकदा म्हणालात, "तुझी टाकी वाहते का ग अजून?" मी म्हटलं, "नाही नाना, आता ऑटोमॅटिक स्विच लावलाय." तुम्ही डोळे मिटलेत. "चांगलं केलंस," म्हणालात.

तो स्विच मी लावलेला नव्हता. तुम्हाला काळजी नको म्हणून म्हटलं. आता वाटतं, आम्ही सगळेच तुम्हाला एकच गोष्ट देत राहिलो, काळजी नको. आणि जे खरं होतं ते माझ्या जिभेवर कधी आलंच नाही. ते असं होतं की तुम्ही जिना चढायचं थांबवल्यापासून माझ्या दाराची कडी कोणी वाजवलेली नाही. सगळं मोबाइलवर कळतं. दूध पिशवीत लटकतं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी फोनवर बोलताना स्वतःचा आवाज घोगरा वाटतो आणि लक्षात येतं, आज पहिल्यांदाच बोलतेय. हे काम होतं, नाना. खरं होतं. मी ते कामात धरलं नव्हतं.

आता काकू.

पुण्याला चल म्हणून मुलाने खूप सांगितलं. काकू म्हणाल्या, वर्षश्राद्धापर्यंत तरी मी हलणार नाही. मग त्याने मला बाजूला घेतलं, "वसूताई, काहीतरी व्यवस्था लावून द्या." त्याला माहीत आहे व्यवस्था कोण लावतं. पण मी लावायच्या आधीच गल्लीने लावली होती. सकाळी राठौर भाभींचा डबा, दुपारी गुप्तांचा, संध्याकाळी शर्माजींच्या घरचा. भाजी दारात. औषधं दारात. शर्माजी मला म्हणाले, "काकीजी को अब कुछ नहीं करना है. आप बस देखती रहिए." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नानाजींना नीट ठेवलं, आता काकीजींनाही नीट ठेवणार.

परवा मी गेले तेव्हा काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. डब्यांची रांग, झाकणं न उघडलेली. शेगडी पुसून लख्ख, कोरडी. त्या शेगडीवर बोट फिरवत होत्या. "सगळे किती करतात ग," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "काल उठायला गेले तर गुडघा धरला. असा कधी धरला नव्हता."

माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं, हाडांचे डॉक्टर, कॅल्शियम, बाथरूमला दुसरा दांडा. ते सगळं मी करणारच आहे. पण त्याआधी मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. मला असं सांगायची सवय नाही, म्हणून जसं आलं तसं बोलले.

"काकू, संध्याकाळी माझ्याबरोबर जेवायला कोणी नसतं."

त्यांनी वळून बघितलं. तुमच्यासारखंच बघितलं, तपासून. "हे काय, मला कामाला लावतेस?"

"नाही. खरंच नसतं. मी ओट्याशी उभी राहूनच जेवते. बरेचदा ब्रेड."

"उभ्याने?" त्यांचा आवाज बदलला. "केव्हापासून?"

"आई गेली तेव्हापासून."

"आणि आम्ही समोर राहतो. तोंड नाही का तुला?" त्या खऱ्या रागावल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या गालांवर रंग आला. "उद्यापासून भाजी मी करते. पोळ्या तू... नको, तुझ्या पोळ्या बघितल्या आहेत मी. कणीक भिजवून ठेव नुसती. बाकी मी येऊन करते."

"मी खाली येते ना काकू, तुमच्याकडेच—"

"तुझं घर आहे ना? तिथे ताट मांडल्याशिवाय तुझी उभ्याने खायची सवय मोडायची नाही."

काल संध्याकाळी त्या आल्या. गॅलरीतून मला दिसल्या, हातात कढई, वर ताटली झाकलेली, दुसऱ्या हातात काही नाही. रस्ता ओलांडून आल्या तर खाली शर्माजी भेटले.

"अरे काकीजी, आप ऊपर क्यों चढ़ रही हो? वसुधाजी को नीचे बुला लो. लाओ, कढ़ाई मैं दे आता हूँ."

"रहने दो भैया. कढ़ाई से क्या होगा, उसको रोटी नहीं आती."

"तो रोटी भी हमारे यहाँ से—"

"और साथ में बैठेगा कौन? आप?"

शर्माजी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. जिन्यात पावलं वाजायला लागली. एक पायरी, मग दुसरा पाय तिच्यावरच. मग कठडा धरल्याचा आवाज. मधल्या वळणावर त्या थांबल्या. श्वास ऐकू येत होता. माझे हात आपोआप पुढे आले, चार उड्यांत खाली पोचले असते, कढई घेतली असती, कोपराला धरलं असतं.

मी चौकट धरून उभी राहिले. खाली उतरले नाही.

बऱ्याच वेळाने पुढची पायरी वाजली.